अजिंठ्याची सहल कोणासाठी?

अजिंठा आता एक राहिलेला नाही. दोन झाले आहेत. एक वाघूर नदीने कोरलेल्या नालाच्या आकाराच्या दरीत, कातळाच्या पोटात, दोन हजार वर्षांहून अधिक काळ उभा आहे. दुसरा तेथून चार किलोमीटरवर, फर्दापूरच्या तिठ्याजवळ, सपाट जमिनीवर, सिमेंट-काँक्रीटचा. तो २०१३ साली जनतेला अर्पण करण्यात आला. या दुसऱ्या अजिंठ्याला शासनाने ‘अभ्यागत केंद्र’ असे भारदस्त नाव दिले. क्रमांक १, २, १६ व १७ या चार लेण्यांच्या प्रतिकृती, चित्रफिती दाखविण्यासाठी प्रेक्षागृह, उपाहारगृह असा सारा थाट तेथे मांडण्यात आला. हा थाट पुरती सहा वर्षेही टिकला नाही. पाण्याची आणि विजेची बिले थकली, थकबाकी कोटींच्या घरात गेली आणि २०१९ सालापर्यंत केंद्राच्या दाराला कुलूप लागले. बिल थकले म्हणून शेतकऱ्याच्या पंपाची वीज तोडणाऱ्या राज्यात शासनाच्या महामंडळालाच स्वतःचे बिल भरता आले नाही, यावर वृत्तपत्रांनी चार दिवस विनोद केले आणि विषय संपला.

विषय संपावयास नको होता. थकलेले बिल हे रोगाचे लक्षण आहे, रोग नव्हे. गैरव्यवस्थापन झाले, अधिकारी निष्काळजी होते, असे म्हणून जे मोकळे होतात ते शासनाला फारच स्वस्तात सोडतात. खरा प्रश्न असा आहे की, अजिंठ्याच्या डोंगरात एक दिवसाच्या सहलीला येणारा मनुष्य कोण, अशी शासनाची कल्पना होती? ज्याच्यासाठी हे सारे बांधले तो कोण होता, आणि जो प्रत्यक्षात आला, येत आहे, त्याच्यासाठी काय बांधले?

पैशाची वाट पाहिली म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पासाठी जपानकडून १९९२ साली ३७४ कोटी येनचे आणि दुसऱ्या टप्प्यासाठी २००३ साली ७३३ कोटी येनचे कर्ज मंजूर झाले. या प्रकल्पात लेण्यांचे जतन होते, वनीकरण होते, रस्ते व पाणीपुरवठा होता. त्याचप्रमाणे चिकलठाण्याच्या विमानतळाची सुधारणा होती आणि ही अभ्यागत केंद्रेही होती. लेण्यांच्या डागडुजीला आणि उघड्या डोंगरावर लावलेल्या झाडांना नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. ते काम व्हावयासच हवे होते. परंतु सारा आराखडा एका विशिष्ट पाहुण्याला डोळ्यांपुढे ठेवून बेतलेला होता. हा पाहुणा विमानाने उतरतो, वातानुकूलित मोटारीने डोंगर गाठतो, थंडगार सभागृहात पाऊण तास चित्रफीत पाहतो, प्रतिकृतींपुढे छायाचित्रे काढतो, उपाहारगृहात जेवतो आणि संध्याकाळी हॉटेलात परततो. तो आला तर येन आणि डॉलर येतील, आणि त्या येनांतून येनचे कर्ज फिटेल, असा हा हिशेब. २००४ साली याच महामंडळाने रेल्वेच्या साह्याने ‘डेक्कन ओडिसी’ नावाची राजेशाही गाडी सुरू केली. तिच्या आठवडाभराच्या फेरीचे भाडे लाखांत असते आणि जळगाव स्थानकावर उतरवून तिचे प्रवासी अजिंठ्याला नेले जातात. पाहुणा एकच, वाहन तेवढे निराळे.

आता प्रत्यक्ष सहल पाहू. पैठण किंवा गंगापूर तालुक्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेची मुले एस. टी.च्या गाडीने निघतात. शालेय सहलीला एस. टी. भाड्यात निम्मी सवलत देते, म्हणून तर ही सहल निघू शकते. पहाटे अंधारात गाडी सुटते. छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) ते अजिंठा हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. विमानतळ सुधारला, पण विमानतळाहून लेण्यांकडे जाणारा हाच जळगाव रस्ता २०१८ च्या सुमारास रुंदीकरणासाठी खोदला गेला आणि पुढे कित्येक वर्षे धूळ, चिखल व खड्डे या तीन ऋतूंत पडून राहिला. तिठ्यावर पोहोचल्यावर गाडी सोडावी लागते, सुविधा शुल्क भरावे लागते, दुकानांच्या रांगांतून चालत जाऊन दुसऱ्या बससाठी रांग धरावी लागते आणि तिचे तिकीट निराळे काढावे लागते. पुढे पायऱ्यांचा चढ. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांत मोफत प्रवेश आहे, ही पुरातत्त्व खात्याची चांगली गोष्ट मान्य केलीच पाहिजे. पण इतके सारे होईपर्यंत दुपार टळू लागते. परतीचा रस्ता डोळ्यांपुढे उभा असतो. तीस लेणी आणि हातात दोन तास! ‘चला, चला, रांग मोडू नका’ याखेरीज मुलांच्या कानांवर काही पडत नाही. गुरुजी फलकावरच्या चार ओळी वाचून दाखवितात. परवानाधारक गाईडचे शुल्क शाळेला परवडण्याजोगे नसते, आणि परवडले तरी तो बिचारा अर्ध्या दिवसात जे सांगतो ते राजे, राण्या आणि अप्सरा यांच्यापलीकडे सहसा जात नाही.

खासगी वाहने तिठ्यावर थांबवून वर फक्त एस. टी. नेण्याची पद्धत या शतकाच्या आरंभी आली. तिला विरोध करणे चूक ठरेल. मोटारींचा धूर आणि धूळ भित्तिचित्रांच्या दाराशी पोहोचू नये, श्रीमंताची मोटार आणि गरिबाची जीप दोन्ही खाली थांबावीत व सर्वांनी एकाच सार्वजनिक गाडीत बसावे, यात समाजवाद्यांना आनंदच वाटावा. हा नियम उत्तम. तो राबविण्याची रीत मात्र व्यापाऱ्याची. जेथे सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छ संडास आणि सहलीच्या मुलांना डबा खाण्यासाठी एक ओटा हवा होता तेथे बाजार मांडण्यात आला, आणि बाजाराच्या मागे नकली लेणी.

याच सुमारास, एप्रिल २०१३ मध्ये, खोपोलीजवळ सह्याद्रीच्या पायथ्याला ‘इमॅजिका’ नावाचे मोठे करमणूक-उद्यान खासगी भांडवलाने उघडले. तेथे जाणाऱ्याला ठाऊक असते की आपण पैसे देऊन करमणूक विकत घेत आहोत. पाळणे खोटे, डोंगर खोटे, भुते खोटी. त्या खोटेपणात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. शासनाने मात्र अस्सल वारशाच्या दारात, सार्वजनिक कर्ज काढून, त्याच जातीचे उद्यान उभारले आणि त्याला संस्कृतीसंवर्धनाचा टिळा लावला. खासगी उद्यान तोट्यात गेले तर बँका आणि भागधारक आपसांत पाहून घेतात. हे उद्यान बुडाले तरी त्याचे हप्ते फर्दापूरच्या मजुराने घेतलेल्या काडेपेटीच्या करातूनही फिटत राहतात.

प्रतिकृतींचे समर्थन करणाऱ्यांपाशी एक वजनदार युक्तिवाद आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. ते म्हणतात, माणसांच्या श्वासाने, घामाने, आर्द्रतेने चित्रे नासतात. म्हणून गर्दी प्रतिकृतीकडे वळवावी. तत्त्वतः हे खरे आहे. फ्रान्समधील लास्को येथील प्रागैतिहासिक चित्रांची गुहा १९४० साली सापडली, प्रेक्षकांच्या लोंढ्याने चित्रे बिघडू लागली, तेव्हा १९६३ साली ती लोकांना बंद करण्यात आली आणि १९८३ साली जवळच तिची प्रतिकृती उघडण्यात आली. तेथे आधी मूळ गुहेचे दार लावले, मग प्रतिकृती बांधली. अजिंठ्यात मूळ लेणी उघडी, त्यांचे तिकीट चालू, गर्दी चालू, आणि चार किलोमीटर अलीकडे प्रतिकृती! अस्सल लेणे डोळ्यांसमोर असताना नकली पाहण्यास कोण थांबणार? जो पहाटेपासून एस. टी.त बसून आला आहे तो तर नाहीच नाही. चित्रांवरचा भार किती हलका झाला, याचा हिशेब मांडणे हा या प्रकल्पाचा पाया असावयास हवा होता. तसे झाले असते तर प्रतिकृती ही पूर्वतयारीची शाळा झाली असती: सहलीच्या मुलांनी आधी येथे तासभर थांबावे, उजेडात चित्र नीट पाहावे, समजून घ्यावे, आणि मग वर जाऊन अंधुक प्रकाशात मूळ चित्राला थोडाच वेळ त्रास द्यावा. असे केंद्र मोफत असते, मराठीत बोलणारे असते आणि कधी रिकामे पडले नसते.

अजिंठ्याच्या प्रतिकृतींचे नशीब तसे जुनेच खोटे आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक तैलप्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स याच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या प्रतींपैकी पुष्कळशा लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. दोन पिढ्यांच्या प्रती आगीने नेल्या, तिसरी वीजबिलाने.

गर्दीने वारसा नासतो असे म्हणताना जो सूर लागतो त्यात आणखी काही मिसळलेले असते. ‘हे लोक’ भिंतींवर नावे कोरतात, ‘यांना’ कलेतले काय कळते, हा तो सूर. भिंतीवर नाव कोरणे हा गुन्हाच आहे आणि त्याला क्षमा नाही. पण अजिंठ्यात ज्या नाव कोरणाऱ्याचा गौरव पुस्तकांतून होतो तो कोणी खेडूत नव्हता. मद्रास सैन्याचा अधिकारी जॉन स्मिथ २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीच्या निमित्ताने येथे आला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर, चित्रावरच, आपले नाव व तारीख खरवडून गेला. ते आजही गाईड कौतुकाने दाखवितो. त्याला लेण्यांची वाट एका गुराखी पोराने दाखविली अशी कथा सांगतात. त्या पोराला लेणी ठाऊक होतीच. म्हणजे ‘शोध’ लागला तो फक्त साहेबाला. अजिंठ्याचा पहिला वाटाड्या हा असा याच मातीतला, बिननावाचा. त्यानंतर चित्रांवर वार्निश चढविले ते कलाशिक्षकांनी, आणि निजामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ या काळात लाखेचा थर चढविला तो इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण काळाबरोबर हे थर पिवळे पडले आणि चित्रांना झाकोळ आला. तेव्हा चित्रांचे वैरी कोण याची यादी करावयाची तर जिल्हा परिषद शाळेतील पोरांना पहिला क्रमांक देता येणार नाही.

आणि ‘हे लोक’ म्हणजे तरी कोण? बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालयाची स्थापना केली, १९५६ साली लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून मराठवाडा, खानदेश आणि विदर्भ येथील बौद्ध कुटुंबे जीपने, एस. टी.ने, भाकऱ्या बांधून अजिंठ्याला येत आहेत. त्यांच्या दृष्टीने हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. जे शतकानुशतके आपल्यापासून हिरावले गेले होते ते त्यांना येथे परत भेटते. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे उभी राहिलेली बाई काही ‘पर्यटन उत्पन्ना’त मोजली जात नाही, कारण ती घरून आणलेली भाकरी खाते, हॉटेलात उतरत नाही आणि तिठ्यावरून स्फटिकाचे खडे विकत घेत नाही. शासनाच्या हिशेबवहीत तिच्यासाठी रकानाच नाही. परदेशी पाहुण्याशी भांडण्याचे कारण नाही. जपानहून येणारा उपासक आणि पूर्णेहून येणारी ही बाई यांचे अजिंठ्याशी नाते एकच आहे. भांडण आहे ते दोघांपैकी एकाच्याच खिशाकडे पाहून डोंगराचा आराखडा काढणाऱ्यांशी.

पर्यटनाने रोजगार मिळतो, हा दुसरा युक्तिवाद. मिळतो, पण कोणता? चढण न झेपणाऱ्या पाहुण्याला खुर्चीत बसवून चौघे जण खांद्यावरून लेण्यांपर्यंत नेतात; ही डोली वाहणारी माणसे आसपासच्या गावांतली. विसाव्या शतकात मिळालेल्या आणि एकविसाव्यात अमृतमहोत्सव साजरा केलेल्या स्वातंत्र्यात माणसाने माणसाला वाहून न्यावे, आणि तेही पोटासाठी आनंदाने न्यावे, ही येन-कर्जाच्या प्रकल्पाची फलश्रुती! पूर्वी लेण्यांच्या पायथ्याशी बसणारे छोटे विक्रेते तिठ्यावर हलविले गेले. त्यांचे दुकान आणि पाहुण्याची बस यांच्यामध्ये पाच मिनिटांचा वेळ असतो, म्हणून ते गिऱ्हाइकाच्या मागे धावतात, आणि मग ‘फेरीवाल्यांचा उपद्रव’ अशी तक्रार होते. वर बस नेणारा चालक एस. टी.चा. शासनात विलीनीकरणाची मागणी करीत जे कर्मचारी ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत संपावर होते, त्यांच्याच जातकुळीतला. सोयगाव तालुक्यातील कापसाचा शेतकरी आपल्या रानातून या साऱ्या वर्दळीकडे पाहतो. तिच्याशी त्याचा संबंध येतो तो रस्त्यापुरता. कर्ज एवढे मोठे, आणि गावाच्या वाट्याला डोलीचा दांडा!

सहलीत काय दाखवितात आणि काय दाखवीत नाहीत, हाही राजकारणाचाच भाग आहे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी दाखवितात, सोळाव्यात वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव सांगतात. बाराव्या लेण्यात एका व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे, दहाव्याच्या दर्शनी भागावर दुसऱ्या एका दात्याचा; तेही जाणकार सांगतो. देणाऱ्यांची नावे दगडात राहिली. ज्यांनी कातळ फोडला, भाताचे तूस आणि तंतू मिसळून मातीचा गिलावा मळला, गावच्या डोंगरातले दगड कुटून गेरू व पिवळा रंग केला आणि अफगाणिस्तानाहून आलेली निळाई वाटून चित्रात भरली, त्यांतील एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण त्यांचे काम जेथे उघडे दिसते अशी जागा आहे. चोविसावे लेणे अपुरे राहिले. पुरे झाले असते तर तो येथील सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक झाला असता. तेथे छिन्नीचे घाव जसेच्या तसे आहेत. आधी छत कसे साधले, मग खाली उतरत खांब कसे मोकळे केले, मधला दगड कसा राहून गेला, हे सारे वाचता येते. सहलीचा जथा तेथे दोन मिनिटेही थांबत नाही, कारण ‘पाहण्यासारखे काही नाही’. श्रमिकांच्या मुलांची सहल खरे म्हणजे चोविसाव्या लेण्यापासून सुरू व्हावयास हवी.

ती तशी सुरू करणे अवघड नाही आणि त्यासाठी जपानला जाण्याचीही गरज नाही. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एस. टी.त अर्धे तिकीट आहे, शालेय सहलींना सवलत आहे, मुलांना प्रवेश मोफत आहे. कमी आहे ती एवढीच की हे तिन्ही जोडून गरिबाची सहल कोणी आखलेली नाही. आसपासच्या गावांतील दहावी-बारावी शिकलेल्या मुलामुलींना वर्षभर शिकवून, वेतन देऊन, शाळांसाठी मराठीत व अहिराणीत बोलणारे मार्गदर्शक करता येतील. गुराखी पोराच्या वारसांना हे काम शोभेल. अभ्यागत केंद्राची इमारत जनतेच्या कर्जाची आहे, तिला पुन्हा एखाद्या ठेकेदाराच्या हवाली करण्याऐवजी ती सहलीच्या मुलांच्या मुक्कामाला आणि अभ्यासाला मिळाली तर एका दिवसाची धावपळ दोन दिवसांच्या शिक्षणात बदलेल. डोलीला पर्याय म्हणून विजेवर चालणारे साधे वाहन पायऱ्यांपर्यंत, आणि पायऱ्यांवर ज्यांना जावयाचे त्यांच्यासाठी डोलीवाल्यांना ठरलेली मजुरी व विमा, ही मागणी तर उद्याच्या उद्या करता येण्याजोगी आहे.

सोयगाव आणि सिल्लोड तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी मोर्चाची वाट पाहू नये. माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्याने आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. तिठ्यावर गोळा होणारे सुविधा शुल्क दरवर्षी किती जमते व कोठे खर्च होते. अभ्यागत केंद्रावर एकूण किती खर्च झाला, ते किती दिवस चालले आणि किती लोकांनी पाहिले. येन-कर्जाचे किती हप्ते फिटले व किती बाकी आहेत. लेण्यांतील पहारेकरी आणि सफाई कामगार कायम आहेत की कंत्राटी, आणि त्यांना किमान वेतन मिळते काय. फर्दापूर ग्रामपंचायतीच्या तिजोरीत या सर्वांतून किती रुपये पडले: एवढे पाच प्रश्न पर्यटन महामंडळाला, पुरातत्त्व खात्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना वेगवेगळ्या अर्जांनी विचारावेत, आणि तीस दिवसांनी जी उत्तरे येतील ती फर्दापूरच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावीत.